भाकरी मोडून पाहिली

“शर्ट काढ,” छोटे शेठ म्हणाले.

तपासणीची खोली. आख्ख्या कारखान्यात एसी फक्त याच खोलीत, कारण इथं मायक्रॉन मोजतात. बाहेर जळगावचा एप्रिल. आत मी धरून सात माणसं. मालक, म्हणजे शेठ. त्यांचा पुतण्या, इंजिनियर होऊन आलेला, ज्याला सगळे छोटे शेठ म्हणायचे. आमचे सुपरवायझर नाना. स्टोअरचा माणूस. आणि सीएनसी मशीनवरचे दोघं, साक्षीला म्हणून बोलावलेले.

मी शर्ट काढला. बूट काढले. मोजे काढले. छोट्या शेठांनी मोजे उलटे करून झटकले.

“पँट.”

मी नानांकडे बघितलं. नाना माझा डबा उघडत होते. मापं घ्यायच्या काळ्या ग्रॅनाइटच्या फरशीवर त्यांनी माझा डबा ठेवला होता. त्या फरशीला आम्ही हात धुतल्याशिवाय बोट लावत नाही. नानांनी डब्यातली कळण्याची भाकरी काढली. तिचे दोन तुकडे केले. मग चार. प्रत्येक तुकडा उजेडाला धरला. मग ठेच्यात स्क्रायबरचं, म्हणजे लोखंडावर रेघ मारायच्या सळईचं, टोक घालून ढवळलं. याच नानांनी त्या डब्यातली भाकरी माझ्याबरोबर नऊ वर्षं खाल्ली होती.

मी पँट काढली. चड्डीवर उभा राहिलो. एसीचा वारा पाठीवर येत होता.

काहीच सापडलं नाही.

“पारध्याच्या हातात स्लिप गेज दिले आपण. चूक आपलीच आहे,” छोटे शेठ म्हणाले. मोठे शेठ घड्याळ बघत होते. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या कंपनीचं ऑडिट होतं.

स्लिप गेज म्हणजे स्टीलचे चौकोनी तुकडे. प्रत्येकाची जाडी ठरलेली, अगदी नेमकी. आरशासारखे गुळगुळीत. बाकीची सगळी मापं यांच्यावरून खरी-खोटी ठरतात. लाकडी पेटीत प्रत्येकाची वेगळी खाच असते. त्या दिवशी एक खाच रिकामी होती. नखाएवढ्या जाडीचा एक तुकडा नव्हता. तो विकायला गेलं तर भंगारवाला चहा पाजणार नाही. आणि तो घरी नेऊन मी काय मोजणार होतो?

तो कुठं असेल ते मी आधीच सांगितलं होतं. शर्ट काढायच्या आधी. आदल्या दिवशी छोट्या शेठांशी माझी एका पिनवरून बोलाचाली झाली होती. मी सिलिंड्रिकल ग्राइंडर चालवतो, स्टीलच्या गोल पिना घासून मापावर आणतो. पिन मशीनवरून उतरवली, की ती गरम असते, थोडी फुगलेली असते. तिला खोलीत ठेवून निवू द्यावं लागतं. तळहातात धरली तरी माप बदलतं. छोट्या शेठांनी गरम पिन उचलली, मोजली आणि चार माणसांत म्हणाले, “चार मायक्रॉन जास्त. रिजेक्ट.” मी म्हणालो, “गरम आहे शेठ. तासाभरानं मोजा.” त्यांना ते लागलं. त्यांनी पेटी उघडली, वीस मिलिमीटरचा गेज घेतला, त्यावर एक पूर्णांक पाच हजारांशाचा पातळ गेज चिकटवला, त्या जोडावरून मापाचा डायल शून्यावर लावला आणि तासाभरानं परत मोजलं. पिन बरोबर होती. कुणी हसलं नाही. पण त्यांचे कान लाल झाले. जोड तसाच उचलून त्यांनी पेटीत टाकला आणि झाकण आपटलं.

स्वच्छ पुसलेले दोन गेज एकमेकांवर सरकवले, की असे चिकटतात की ओढून निघत नाहीत. ना गोंद, ना चुंबक. फिरवून सोडवावे लागतात. धुळ्याच्या आयटीआयत आम्हाला सरांनी हे पहिल्याच महिन्यात दाखवलं होतं. म्हणून मी सांगितलं, “काल एकवीसचा जोड लावला होता. वीसचा गेज काढून त्याची पाठ बघा. तिथं चिकटला असेल.”

छोटे शेठ म्हणाले, “म्हणजे मी चोर?”

नाना माझ्या कानाशी आले. “चूप राय. मी पाहस,” म्हणाले. आणि मग त्यांनी डबा उघडला.

पेटी कुणी उघडली नाही. माणूस उघडला.

झडती संपल्यावर शेठ म्हणाले, “कपडे घाल. उद्याच्या ऑडिटच्या पिना पूर्ण कर. ऑडिट झालं की पोलिसांत देतो तुला.”

मी कपडे घातले आणि मशीनवर गेलो. मी का गेलो, हे मला पुष्कळ दिवस स्वतःलाच सांगता येत नव्हतं. ग्राइंडरचं दगडी व्हील फिरत होतं. कूलंटचं दुधट पाणी पिनेवर पडत होतं. ठिणग्या कमी कमी होत थांबल्या, की माप आलं समजायचं. मी त्या दिवशी बावीस पिना केल्या. एकही रिजेक्ट नाही. सीएनसीवरचे दोघं माझ्या बाजूनं दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी दुसरीकडे पाहिलं. दुपारी मी जेवलो नाही. भाकरीचे चार तुकडे डब्यात होते. ते तसेच घरी नेले.

आता मागचं सांगतो.

माझं आडनाव असं आहे, की ऐकणारा मला मराठा समजतो. मी कधी खोटं बोललो नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बोदवडच्या पलीकडे माळावर आमची वस्ती. आश्रमशाळेत शिकलो, मग धुळ्याला मशिनिस्ट ग्राइंडरचा ट्रेड केला, मग जळगावच्या एमआयडीसीत लागलो. पहिली नऊ वर्षं चांगली गेली. नानांनी मला व्हील ठोकून त्याचा आवाज ऐकायला शिकवलं. तडा गेलेलं व्हील बद्द वाजतं. स्टोअरची एक किल्ली माझ्याकडे असायची. शेठ पाहुण्यांना माझ्या मशीनकडे आणायचे. “हा माझा हिरा,” म्हणायचे. “केसाची जाडी सत्तर मायक्रॉन. हा दोन मायक्रॉनवर थांबतो.”

मग एक दिवस आई गेटवर आली. माझ्या बहिणीला सिव्हिलला आणलं होतं, माझा फोन लागत नव्हता. आईच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण. डोक्यावर बोचकं. वॉचमननं विचारलं, “कुठल्या गं तुम्ही?” आईनं खरं सांगितलं. तिला लपवायची सवय नाही. संध्याकाळपर्यंत बठ्ठ्या कारखान्याला, वरपासून खालपर्यंत, कळलं.

कुणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी स्टोअरची किल्ली मागून घेतली. “नवीन सिस्टीम आहे,” म्हणाले. सुटताना गेटवर बॅग तपासायला लागले. आधी सगळ्यांची, मग महिनाभरानं फक्त माझी. नाना डबा तर बरोबर खायचे, पण माझ्या डब्यातलं घेणं त्यांनी बंद केलं. ॲसिडिटी झाली म्हणायचे. मी हे सगळं गिळलं. घरी बायकोलाही सांगितलं नाही. मला वाटायचं, काम चोख ठेवलं की लोक विसरतील. दोन मायक्रॉनच्या ऐवजी मी एका मायक्रॉनवर थांबायला लागलो.

कुणी विसरलं नाही. एक खाच रिकामी दिसली, आणि पेटीत बघायच्या आधी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी ऑडिटला पुण्याहून एक मॅडम आल्या. एकट्याच. चष्मा, सुती ओढणी, हातात वही. मला पिना घेऊन तपासणीच्या खोलीत बोलावलं. मी ट्रे ठेवला आणि उभा राहिलो. मॅडमनी पेटी उघडली. छोटे शेठ सांगायला लागले, “एक गेज गहाळ आहे मॅडम, आमच्या एका वर्करनं...”

मॅडमनी तोपर्यंत वीसचा गेज उचलला होता. खाचेत तो नीट बसत नव्हता, म्हणून त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी तो आडवा धरला, अंगठ्यानं जरा फिरवला. पातळ तुकडा सुटून त्यांच्या तळहातावर आला.

“हा इथंच आहे,” त्या म्हणाल्या. “असा चिकटवून रात्रभर ठेवायचा नसतो. पृष्ठभाग खराब होतो. कुणी ठेवला?”

मोठे शेठ हसले आणि म्हणाले, “सापडला ना, बस.” नानांनी खाली पाहिलं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्या पिना मोजायला घेतल्या. त्यांना आदल्या दिवसाचं काही माहीत नव्हतं. मला तेव्हाच बोलायचं होतं. पण मी ट्रे तिथंच सोडून बाहेर आलो.

मॅडम गेल्यावर शेठनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता. ऑडिट पास झालं होतं.

“घे,” शेठ म्हणाले. “झालं गेलं. मनाला लावून घेऊ नको.”

मी पेढा घेतला नाही. म्हणालो, “शेठ, कपडे सगळ्यांसमोर काढायला लावले. आता सगळ्यांसमोर सांगा.”

“काय सांगू?”

“गेज सापडला. छोट्या शेठांनी चिकटवून ठेवला होता. मी चोर नाही. एवढंच.”

शेठनी बॉक्स मिटला. “माझ्या पुतण्याला मी चार मजुरांत मान खाली घालायला लावू? तुझ्यासाठी?”

“मलाही चार माणसांतच उभं केलं होतं.”

मग शेठ जे बोलले ते मी शब्दाला शब्द सांगतो. रागानं नाही, समजावणीच्या सुरात बोलले. “अरे, तू एवढं काय घेऊन बसलास? तुमच्यात तर हे रोजचंच. तुमच्या वस्तीवर काय पोलीस येत नाहीत झडतीला?”

येतात. ते खरं होतं. म्हणूनच ते आतपर्यंत गेलं.

आमच्या वस्तीच्या आसपास वीस-पंचवीस कोसांत कुठंही चोरी झाली, की जीप यायची. बोदवडला झाली तरी, पाचोऱ्याला झाली तरी. धूळ दिसली की माझा बाप झोपडीबाहेर यायचा आणि अंगातला सदरा स्वतःच काढून, घडी करून दगडावर ठेवायचा. मग हात वर करून उभा राहायचा. कुणी सांगायच्या आधी. हिवाळ्यातसुद्धा. मी सात-आठ वर्षांचा असेन. मी एकदा विचारलं, “बा, तू आधीच का काढतोस?”

बाप म्हणाला, “ते ओढतात. फाटतो.”

एकच सदरा होता त्याच्याकडे. माणूस मार खाऊन चार दिवसांनी परत यायचा आणि सदरा शाबूत आहे का ते आधी बघायचा. बाप चोर नव्हता. तो तितर पकडायचा, कुणाच्या शेतात राखणीला जायचा. तो मेला तेव्हा त्याच्या नावावर पोलिसांत किती कागद होते देव जाणे. एकही त्यानं स्वतः लिहून दिलेला नव्हता.

शेठच्या केबिनमध्ये उभं राहून मला आदल्या दिवशीचा मी दिसलो. छोटे शेठ म्हणाले, “शर्ट काढ.” मी “का” विचारलं नाही. माझे हात आपोआप गुंड्यांकडे गेले होते. दोन मायक्रॉनवर थांबणारे हात. आयटीआयचं सर्टिफिकेट, नऊ-दहा वर्षांची नोकरी, भाड्याची पक्की खोली, पोरगी इंग्रजी शाळेत. सगळं असून हात बापाचेच निघाले. त्यांना सांगावं लागलं नाही, ओढावं लागलं नाही.

शेठवर मला राग होताच. त्याहून जास्त त्या हातांचा आला.

“उद्यापासून येत नाही,” मी म्हणालो.

“कुठं जाशील?” शेठ म्हणाले. “मी एक फोन केला तर एमआयडीसीत तुला कुणी झाडायलाही ठेवणार नाही.”

“पोलीस स्टेशनला चाललोय.”

ते हसले. त्यांना ते खरंच विनोदी वाटलं. पारधी आणि स्वतःहून पोलीस स्टेशनला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती शिवणकाम करते, नववी शिकलेली आहे. तिनं डब्यातले भाकरीचे तुकडे आदल्या दिवशीच बघितले होते, विचारलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “कोण कोण होतं त्या खोलीत, सगळ्यांची नावं लिहून काढा. विसराल.” मी पोरीच्या वहीच्या पानावर सहा नावं लिहिली. नानांचं नाव लिहिताना पेन थांबलं. बायको म्हणाली, “तेही लिहा.”

आईला कळलं तेव्हा ती वस्तीवरून पहिल्या गाडीनं आली. आमच्या बोलीत ती रडत म्हणाली, की तिथं गेलेला माणूस सरळ परत येत नाही, तुझा बाप बघितलास ना. ती माझ्या पायांना मिठी मारून बसली. आईला पायांपासून सोडवणं हे त्या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. बायकोनं तिला धरलं आणि मी निघालो.

पोलीस स्टेशनच्या टेबलामागच्या हवालदारानं मान वर केली. नाव विचारलं. जात विचारली. मी सांगितली. त्यानं पेन खाली ठेवलं.

“काय केलंस?”

“मी काही केलं नाही. फिर्याद द्यायची आहे.”

“कुणाविरुद्ध?”

मी शेठचं नाव सांगितलं. त्यानं मला बाकावर बसायला सांगितलं. मी सकाळी दहाला बसलो, पाचला मला उठवलं. “साहेब नाहीत, उद्या ये.” दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी बायको पोरीला घेऊन बरोबर आली आणि माझ्या शेजारी बसली. दुपारनंतर लिहायला घेतलं. हवालदारानं लिहिलं आणि म्हणाला, “सही कर.”

“वाचून दाखवा,” मी म्हणालो.

त्यानं भरभर वाचलं. त्यात एक वाक्य होतं, ‘मालकांनी गैरसमजातून अंगझडती घेतली’.

“गैरसमजातून नाही,” मी म्हणालो. “जातीवरून. आणि अंगझडती नाही. चड्डीवर उभं केलं, असं लिहा. जे शब्द छोटे शेठ बोलले ते लिहा.”

“एवढ्या तेवढ्या शब्दानं काय फरक पडतो?”

मी आयुष्यभर फरकच मोजत आलो. मी म्हणालो, “सही करणार नाही.”

तो शिव्या देत आत गेला. साहेब बाहेर आले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे बघितलं, आणि हवालदाराला म्हणाले, “तो सांगतो तसं लिही.” का म्हणाले ते मला ठाऊक नाही. दया आली असेल, नाहीतर कटकट नको असेल. मला त्याच्याशी देणंघेणं नाही. माझे शब्द कागदावर आले. ॲट्रॉसिटीचं कलम लागलं. मी सही केली.

आमच्या वस्तीवरून पोलिसांकडे फिर्यादी म्हणून गेलेला मी पहिला माणूस.

पुढचं सोपं नव्हतं. तपासणीच्या खोलीतला कॅमेरा त्या दिवशी बंद होता, असं पोलिसांना सांगितलं गेलं. सीएनसीवरच्या दोघांनी जबाब दिला, की आम्ही काही पाहिलं नाही. शेठनी खरंच फोन केले असावेत, कारण जळगावात मला कुणी उभं केलं नाही. मी धुळ्याला आलो. दोन ठिकाणी माझं काम बघून होकार दिला आणि संध्याकाळी नकार कळवला. तिसऱ्या ठिकाणी, एका छोट्या टूलरूममध्ये, मी आधीच सांगितलं. मशीनला हात लावायच्या आधी. “मी पारधी आहे. जुन्या मालकावर माझी केस चालू आहे. तुमच्याकडे काही हरवलं तर आधी शोधा, मग मला विचारा. अंगाला हात लावायचा नाही.” त्या मालकानं मशीनकडे हात केला. मग म्हणाला, “एक जॉब करून दाखव.” मी केला. तिथं आहे. तो चांगला माणूस आहे की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. ठरवायची घाई नाही.

मागच्या महिन्यात नाना धुळ्याला घरी आले. डोकं पांढरं झालं होतं. बायकोनं पाणी दिलं. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, “शेठ म्हणतस, तुले फोरमन करी देऊ. केस मागे ले.”

“नाना, फोरमन करण्याइतकं काम मला येत होतं, हे त्या दिवशीही माहीत होतं ना सगळ्यांना?”

नानांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “मना पोरगा तठेच कामले शे. मी काय करू?”

“साक्षीला उभे राहाल तेव्हा जे पाहिलं ते सांगा.”

“आनि नही सांगं तर?”

“तर तुम्हालाही खोटं बोलताना मी समोर बसून बघीन.”

त्यांना वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. मला आलं नाही. मी त्यांना बस स्टँडपर्यंत सोडायला गेलो नाही. हे लिहिताना मला त्याची लाज वाटत नाही. व्हीलचा आवाज ऐकायला त्यांनीच शिकवलं, ते मी नाकारत नाही. पण माझ्या अंगावर चड्डी उरली तेव्हा त्या खोलीत मला ओळखणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या हातात माझी भाकरी होती.

दर तारखेला मी खाडा करून जळगावच्या कोर्टात जातो. कधी वकील नसतो, कधी साक्षीदार येत नाही, कधी पुढची तारीख. शेठचे वकील व्हरांड्यात हसून नमस्कार करतात आणि विचारतात, “कशाला ओढतोस? काय मिळणार तुला?” मी आत जाऊन बाकावर बसतो. त्यांना वाटतं मी थकेन. आमची माणसं थकतात, घाबरतात, वस्ती उचलून दुसऱ्या माळावर जातात, हे त्यांना पाठ आहे.

मी उठणार नाही. इथं हरलो तर वरच्या कोर्टात जाईन. तिथं हरलो तर त्याच्या वर. मी मेलो तर पोरगी जाईल. फिर्यादीची नक्कल, जबाब, तारखांचे कागद, सगळं पत्र्याच्या पेटीत ठेवलंय. पेटी कुठं आहे ते तिला दाखवलंय. वाचता येतं तिला. तिनं सगळं वाचलंय.